अगं, येतेस ना?

(धुक्यातली सकाळ. जुन्या दगडखाणीकडे जाणारी वाट. वहिनी, तिच्या शेजारीच राहणारा दीर आणि समोरच्या घरातली शिंपीण घोडी शोधताहेत.)

शिंपीण : लोहार कालव्यापर्यंत जाऊन आला. बेकरीवाल्यांनी सगळं रान पालथं घातलं. मीही अर्धी बाही मशीनवर टाकून आलेय. पण खाणीकडे नको गं जाऊया.

वहिनी : तिथेच असणार ती. हे तिथूनच पडले, तेव्हा ती गाडीला जुंपलेली होती. सगळं बघितलंय तिने.

दीर : दादाला जाऊन वर्ष झालं, वहिनी. आजच कशी कडी तोडली?

वहिनी : तोडली नाही. पहाटे मी काढली.

शिंपीण : काय बोलतेस?

वहिनी : रोज संध्याकाळी यांच्या यायच्या वेळेला ती कान देऊन उभी राहते. चाऱ्याला तोंड लावत नाही. तिचं बघून मीही कान द्यायला लागले. सहन होईना. म्हटलं, ते काही येत नाहीत, जा बाई, तू तरी सूट.

दीर : आणि ती दादाला शोधायला आली.

शिंपीण : थांबा. ती बघा, अगदी कडेला. बाई गं, तिच्या पायाखालची माती सुटतेय.

दीर : कुणी पळू नका. बिचकली तर गेलीच. वहिनी, हाक मारा.

वहिनी : ये गं. ये इकडे... बघा, कानसुद्धा हलवत नाही. मी कधी हाक मारलीच नाही तिला.

शिंपीण : नाव काय तिचं?

वहिनी : नाव कुठलं. मलाही 'अगं' आणि तिलाही 'अगं'. अंगणातून 'अगं, येतेस ना?' म्हणाले की मी स्वयंपाकघरातून ओ द्यायची आणि ही तबेल्यातून खिंकाळायची. मग हसत सुटायचे. म्हणायचे, कोणी यायचं ते दोघींनी ठरवा.

शिंपीण : मग म्हण की तसंच.

वहिनी : माझ्या आवाजाला नाही यायची. भावजी, तुम्ही म्हणा.

दीर : मी नको.

वहिनी : तुमचा आवाज हुबेहूब त्यांचा आहे. म्हणून तर माझ्याकडे आलात की कुजबुजल्यासारखं बोलता. कळतं मला.

दीर : दादा गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तुमच्या दारातून आईला हाक मारली, तर तुम्ही हातातलं टाकून धावत आलात. तुमचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्याने.

वहिनी : माझं काय व्हायचं ते होऊ दे. ती गेली, तर ती हाक ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरणार नाही.

दीर : काकू, वहिनींचा हात धरा.

शिंपीण : धरलाय. गार पडलाय नुसता.

दीर : अगं... येतेस ना?

शिंपीण : कान टवकारले तिने. पाय मागे घेतला. वळली बघ.

दीर : अगं, येतेस ना? चल घरी.

वहिनी : आले हं.

शिंपीण : तू नाही गं, घोडीला म्हणतोय तो. हात सोडवून कुठे निघालीस तिच्याकडे?

दीर : दोरी आली हातात. पण ही माझ्याकडे बघतच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघतेय. वहिनी, तिच्याजवळ येऊन तुम्हीसुद्धा तिकडेच बघताय?

वहिनी : मागे वळू नका, भावजी. वळलात तर हे जातील. एकदा अजून म्हणा.