छतावरची माती

साळूबाई : मधल्या सुट्टीची घंटा दिली अन् हेडसरांना सांगून आले, पोर पळाली नाय, निंबाखालीच बसलीय. तर म्हणले, निंबाखाली हजेरी लागत नाही.

अनसूयाबाई : खरंय त्यांचं. निंबाचा वर्ग अजून मंजूर व्हायचाय.

साळूबाई : हसण्यावारी नका नेऊ, बाई. दिवाळीची सुट्टी सरल्यापास्नं पोर उंबरा ओलांडंना. आज मधल्या सुट्टीनंतर आत बसली तर बसली, नाय तर पटावरनं नाव कमी करतो म्हणले. अन् हिची मावशी, द्वारकाबाई, माझ्यापाशी रडून गेली. नाव कमी झालं की हिला लातूरकडं बापापाशी, भूकंपवाल्यांच्या पत्र्याच्या शेडात धाडते, म्हणली. तिथं ना शाळा उरली, ना मास्तर.

अनसूयाबाई : कळलं. तुम्हीही टेका जरा. महानंदा, सरक बाळ. माझे गुडघे आज उभं राहू देत नाहीत.

महानंदा : बाई, मी हितूनच ऐकते की. खिडकीतनं समदं ऐकू येतंय.

अनसूयाबाई : काय ऐकलंस आज?

महानंदा : पृथ्वीचं अंतरंग. तुम्ही म्हणलाव, आंबा घ्या.

साळूबाई : थंडीच्या दिसात आंबा?

अनसूयाबाई : पुस्तकात उकडलेलं अंडं दिलंय, साळूबाई. ते मी टेबलावर ठेवलं तर हेडसर माझ्या हातचं पाणी प्यायचे नाहीत. म्हणून दर वर्षी आंबा, आणि तोही तोंडीच. हं, पुढं सांग.

महानंदा : साल म्हंजी कवच, त्याच्यावर आपण. गर म्हंजी प्रावरण. कोय म्हंजी गाभा. गर पातळ नसतो, घट्टच असतो, पण उन्हाळ्यात गुळाची ढेप कशी बसत जाती, तसा लई हळू सरकतो. अन् वरची साल अख्खी नाय, तिचे तुकडे हायेत. त्यांला भूपट्ट म्हणायचं.

अनसूयाबाई : आत बसलेल्यांना विचारलं तर निम्म्यांना आंब्याचा भाव तेवढा सांगता येईल.

महानंदा : तिथंच धडा थांबवलाव तुम्ही. पुढचं पान वाचलंच नाय.

साळूबाई : ऐका.

अनसूयाबाई : घसा बसला होता गं.

महानंदा : मला पाठ हाय ते पान. आमच्या गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं होतं. ‘आपलं पठार कठीण खडकाचं आहे. ते स्थिर आहे. इथं भूकंपाची भीती नाही.’

अनसूयाबाई : हो. मीही तेच लिहून देत आले. इतकी वर्षं, डोळे मिटून.

महानंदा : गुरुजी गेले. गणपती बोळवून समदं गाव दमून झोपलं होतं.

साळूबाई : पाणी पिता का, बाई?

अनसूयाबाई : नको. महानंदा, मी पण त्यानंतर अंगणातच झोपत होते. इथं नुसती भांडी वाजली होती, तरी. आमचे हे म्हणाले, भूगोल शिकवतेस आणि बाज घेऊन बाहेर पडतेस? म्हटलं, शिकवते म्हणूनच.

महानंदा : मावशीच्या शेजारची म्हणती, गावाचं पाप भरलं होतं.

अनसूयाबाई : तिला म्हणावं, पाप मोजायला धरणीला सवड नाही. हे बघ, आपण ज्या भूपट्टावर आहोत तो उत्तरेला सरकतोय. वर्षाला दोन-तीन बोटं. पुढं दुसरा आडवा उभा आहे. दोघांच्या रेट्यात हिमालय वर आला. आता जत्रेत पुढचे अडले की मागं काय होतं?

महानंदा : चेंगरतंय.

अनसूयाबाई : तसा ताण मागंपर्यंत येतो, पार आपल्यापर्यंत. तुमच्याकडं खाली खोल कुठं जुनी चीर होती. ताण साठत गेला आणि एका रात्री ती सरकली. पुस्तक लिहिणाऱ्यांना ती चीर ठाऊक नव्हती. गुरुजींनाही नव्हती, मलाही नाही. तुमच्या गावानं काही केलं नव्हतं, बाळ.

महानंदा : आजीनं पण नाय?

अनसूयाबाई : आजीनं काय करायचंय?

महानंदा : माती टाकली. आमच्या घराला माळवद होतं. खाली लाकडाच्या फळ्या अन् वर माती. पाऊस आत येऊ नाय म्हणून दर वर्सी मिरगाच्या आधी पांढरी माती आणून पसरायची अन् चोपायची. आजीच्या सासूनं टाकली, आजीनं टाकली, आईनं टाकली. काढली कुणीच नाय. बाप म्हणतो, आई-आजीला भिंतीनं नाय मारलं, वरच्या मातीनं मारलं. शेवटच्या साली मातीच्या पाट्या मीच वर दिल्या.

साळूबाई : अगं, आमच्या गावाकडंबी तसंच करत होते. घर गळायला लागलं तर बाई माणसानं काय करावं?

अनसूयाबाई : म्हणून तू वर्गात येत नाहीस?

महानंदा : वर्गाच्या छताला फळ्या हायेत.

अनसूयाबाई : हायेत खऱ्या. निजामाच्या काळातली इमारत ती. पण वर नुसता पत्रा आहे गं.

महानंदा : तुम्ही बघितलाव?

अनसूयाबाई : सगळ्यांना माहीत आहे ते.

महानंदा : पठाराचं पण समद्यांला माहीत होतं.

साळूबाई : घ्या. आता द्या जवाब.

अनसूयाबाई : मी नाही बघितलं, महानंदा. इतकी वर्षं त्या फळ्यांखाली बसते, वर काय आहे ते एकदाही बघितलं नाही. साळूबाई, रंगाऱ्याची शिडी अजून मागंच आहे ना?

साळूबाई : हाय की. पण ह्या गुडघ्यांनी तुम्ही चढणार? वरनं पडला तर हेडसर माझं नाव कमी करतील.

महानंदा : मी चढते. बाईंनी बघितलं तर माझ्यासाठी ते पुन्हा नुसतं सांगितल्यासारखंच झालं.

अनसूयाबाई : बरं. पण भिंतीच्या कडेशी उभं राहून बघायचं, पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. साळूबाई, तुम्ही एक बाजू धरा, मी एक.

(शाळेच्या मागच्या भिंतीला शिडी. दोघी बायका ती धरून उभ्या आहेत. महानंदाचा आवाज वरून येतो.)

साळूबाई : पोरी, खाली बघू नकोस.

महानंदा : वरूनच तर बघायचंय.

अनसूयाबाई : काय दिसतंय?

महानंदा : पत्रा हाय. गंजलाय. एक चेंडू हाय.

साळूबाई : तो सातवी ब च्या पोरांचा. गेल्या पावसाळ्यापास्नं माझ्या नावानं बोंबलतायत.

अनसूयाबाई : दिसला ना पत्रा? उतर आता हळूच.

महानंदा : बाई, माती हाय.

साळूबाई : काय?

महानंदा : पन्हळीच्या कोपऱ्यात. ओंजळभर असंल. त्यात पिंपळाचं रोप उगवलंय. ही कोणी टाकली?

अनसूयाबाई : कोणी नाही गं. वाऱ्यानं आणली.

महानंदा : वाऱ्याला कुठनं मिळाली?

साळूबाई : शिडीवर असले सवाल नगं करू. हात भरून आले माझे.

अनसूयाबाई : विचारू दे, साळूबाई. महानंदा, ही भिंत कशाची आहे?

महानंदा : काळ्या दगडाची. आमच्या घराची असायची तसल्याच.

अनसूयाबाई : तुझ्या गावापासून वेरुळाच्या लेण्यांपर्यंत सगळा तोच दगड. कधीकाळी जमिनीला भेगा पडल्या आणि खालून रस वर आला. पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. असे थर बसले. मग ऊन-पावसानं तो दगड फुटत गेला, झिजला, त्याची माती झाली. थोडी वाऱ्यानं तुझ्या हातापाशी आणली. बाकी पाण्याबरोबर पैठणवरून गोदावरीनं समुद्रात.

महानंदा : अन् तिथं?

अनसूयाबाई : तिथं थरावर थर साचतात. दाबून पुन्हा दगड होतो. त्यातला काही आणखी खोल जातो, तापून त्याचं रूप बदलतं, काही वितळतो. कधीतरी पुन्हा वर येतो.

साळूबाई : म्हंजी दगडालाबी फुरसत नाय. मला वाटायचं आपणच.

महानंदा : म्हंजी भिंतीचा दगड अन् माळवदाची माती एकच?

अनसूयाबाई : एकाच घरातली. एक म्हातारं, एक तरणं. कोणाचं वैर नव्हतं तुमच्याशी. ओझं तेवढं फार झालं होतं.

साळूबाई : रडती का काय ती?

अनसूयाबाई : राहू दे. शिडी घट्ट धरा.

साळूबाई : घंटा द्यायची वेळ झाली, बाई.

अनसूयाबाई : झाली तर झाली. घंटा तुमच्या हातात आहे.

महानंदा : बाई, बाजूला सरका दोघी.

अनसूयाबाई : का गं? अगं, डोळ्यात गेलं माझ्या.

महानंदा : माती काढायलेय. समदी काढली. पिंपळ फेकू नका, मुळासकट निघालाय. निंबापाशी लावते.

साळूबाई : माझ्या डोक्यावर टाकली की गं समदी. सकाळीच न्हाले होते. आता उतर, अन् चेंडू आण येताना.

अनसूयाबाई : हळू. एकेक पायरी... हं. दाखव हात. धू ते, आणि मग सांग मला. तुझ्या डोळ्यांनी बघितलंस, मी काही सांगत नाही. येणार आत?

महानंदा : दारापाशी बसन.

अनसूयाबाई : दारापाशी बस. मीही खुर्ची दारापाशीच घेते. उद्यापासून बाकीचे म्हणतील, बाईंना थंडी सोसत नाही, दारातल्या उन्हाला बसतात.

महानंदा : अन् पुढचं पान?

अनसूयाबाई : तूच वाच. जिथं चुकलंय तिथं थांब, मी मुलांना सांगते चुकलंय म्हणून.

साळूबाई : झालं एकदाचं. जाते मी, देते घंटा. मधली सुट्टी आज दुपारच्या चहापर्यंत लांबली म्हणतील.

अनसूयाबाई : पण एक आहे, महानंदा. वारा काही थांबायचा नाही. ती माती पुन्हा येणार तिथं.

महानंदा : येऊ द्या की. मिरगाच्या आधी काढायची असती, बाई. दर वर्सी. मी हाय ना हितं.