लाल दोऱ्याचं पिल्लू

दोन हजार चोवीस सालच्या मार्गशीर्षात, ऐन थंडीत, आमची वाघी व्याली, आणि त्या दिवसापासून तळवलीत जो भेटतो तो एकच विचारतो, "गोटीरामशेठ, रंग कोणते?" पिल्लं किती, ते विचारत नाही. वाघी बरी आहे का, ते विचारत नाही. रंग! अरे, शिकारीचा कुत्रा आहे, लग्नातली साडी आहे का? पाय बघा, छाती बघा... रंगाला काय चाटायचंय?

तुम्हाला सांगतो, बापाच्या मागे फिरून खाडीच्या गवतात मी कुत्र्यांनी ससे उठवलेत. आता गवत गेलं, ससे गेले, शिकार बंद, आमच्या शेतात सतरा मजले उभे... पण माझ्या दारात राहील तो शिकारीचाच कुत्रा. कारवानी. उंच, सुकडा, पोट पाठीला लागलेला. वाघीला जोड शोधायला निघालो तर सगळीकडे ती कापसाची गाठोडी, साखळीला बांधून फिरवतात ती. कारवानी नर मिळाला एकच, रावसाहेबांचा. रावसाहेब मराठवाड्यातले, नोकरीतून रिटायर, त्याच सतरा मजल्यांत नवव्यावर राहतात, कुत्रा गावाकडून आणलेला. आमच्यात रीत अशी, की नर ज्याचा, पहिलं पिल्लू त्याचं. कागद नाही, पैसा नाही, शब्द. ते पिल्लू हातात पडेपर्यंत मी त्यांचा देणेकरी. मी म्हटलं, चाळीस दिवसांनी या, पिल्लं पळू लागली की पारखून उचला.

आले कधी? तिसऱ्या दिवशी! पिल्लांचे डोळे उघडले नाहीत, उंदरासारखी वळवळतायत, आणि रावसाहेब दारात, सोबत सून, क्रांती नाव तिचं. तिने मोबाइल काढला आणि पाचही पिल्लांचे फोटो, वरून, खालून, पालथी, उताणी... वाघी गुरगुरतेय, मी वाघीला धरतोय. मग ती म्हणते, "बाबा, हा ब्लॅकवाला घेऊ या. आपल्या सोसायटीत ब्लॅक कोणाकडेच नाहीये."

मी म्हटलं, बाई, हे काळं नाही. केस उलटे कर, मुळाशी बघ, पिवळं दिसतंय ना? जन्माला येताना वरून काजळी असते काही पिल्लांना. दीड महिन्यात उतरते, खालून बदामी निघतो. पांढरं असेल ते पांढरंच राहतं, बाकीच्याचा भरवसा नाही. आणि रंगाला काय चाटायचंय?

रावसाहेब हसले. "गोटीरामशेठ, कुत्रं आहे का सरडा?"

बरं. ऐकायचं नाही तर नाही. मी लाल दोरा आणला, त्यांच्यादेखत त्या पिल्लाच्या गळ्यात बांधला. मान वाढेल तसा तोच दोरा सैल करत गेलो. आणि तुम्हाला सांगतो, चूक तिथे झाली, मी त्या पिल्लाकडे बघत गेलो. काजळी उतरत गेली तसं आतून निघालं काय! मागचे पाय धनुष्यासारखे. छाती खोल. तिसाव्या दिवशी पाचही पाटीत घातली, अंगणाच्या टोकाला नेऊन सोडली. चार बसली रडत. हे नाक वर करून सरळ आईकडे, मध्ये पाण्याची बादली, तिला वळसा घालून! तीस वर्षांत असं पिल्लू माझ्या दारात झालं नाही. आणि गळ्यात दोरा दुसऱ्याचा.

चाळिसाव्या दिवशी आले दोघं. मी दोऱ्याचं पिल्लू पुढे केलं. बदामी, लख्ख. सून बघतच राहिली. "हा आमचा नाहीये. आमचा ब्लॅक होता."

मी मुळापासून सगळं पुन्हा सांगितलं. काजळी सांगितली, दोरा दाखवला. तर रावसाहेब, ज्यांना मी माझ्या खाटेवर बसवून चहा पाजला ते रावसाहेब, हळूच म्हणतात, "गैरसमज नसावा शेठ, पण दोरा काय, कोणाच्याही गळ्यात बांधता येतो."

म्हणजे मी चोर! पिल्लू बदलणारा! डोक्यात अशी आग गेली... तेवढ्यात आमची घरवाली सगुणा, चहाच्या कपबश्या उचलायच्या निमित्ताने कानाशी आली. "तुमी गप बसा. त्यांना नको हाय, मंग राहू दे आपल्यालाच. आनि कोनाला कलनार हाय?"

खरंच की हो. गप बसलो असतो तर ते पिल्लू माझं. बाकीच्यांतलं त्यातल्या त्यात काळपट त्यांच्या हातात दिलं असतं, खूश होऊन गेले असते. फक्त सतरा मजल्यांवर सतरा जणांना सांगितलं असतं, तळवलीचा गोटीराम पिल्लू बदलतो. तुम्हीच सांगा, काय करायचं? माझा बाप तिथे खाटेच्या वर भिंतीवर हार घालून बघतोय.

मी म्हटलं, "क्रांतीबाई, तिसऱ्या दिवसाचा फोटो काढा. तो उताणा."

तिने शोधला. आधी केक निघाला, मग कोणाची तरी हळद, मग पिल्लू. मी म्हटलं, मागचा डावा पाय मोठा करून बघा. एक बोट पांढरं. मी हातातल्या पिल्लाचा तोच पाय तिच्या नाकासमोर धरला. एक बोट पांढरं. बाकीच्या चारांचे पाय दाखवले, एकही नाही.

रावसाहेबांनी चष्मा घातला. फोटो बघितला, पाय बघितला, पुन्हा फोटो. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हेच आपलं."

माफी? कशाला! सगुणा माझ्याकडे अशी बघते की आठवडाभर जेवणात मीठ पडणार नाही. मी दोरा सोडला, पिल्लू त्या सुनेच्या हातात दिलं. पिल्लाने मान वळवून वाघीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

आणि फाटकाशी पोचल्यावर सून वळली. "काका, मोठा झाल्यावर परत ब्लॅक होईल ना?"

मी फाटक लावून घेतलं. देणं फिटलं.