कानातला बिल्ला

बावीस वर्षं मी नर्स म्हणून लेकरांना लस टोचतेय, पण हिर्डोशीच्या वरच्या वाडीत एका बापानं मला जे ऐकवलं ना, ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

नऊ महिन्यांच्या पोरीला गोवराची लस द्यायची होती. बाप दारातच आडवा. मोबाईल पुढं करून म्हणाला, "हितं बघा काय काय लिवलंय. लेकरू आमचं हाय, सक्ती करणारं तुमी कोण?"

म्हटलं, "सक्ती कुठं करतेय दादा, हात जोडतेय. खालच्या वाडीत दोन लेकरं गोवरानं फणफणलीत."

"न्हाई म्हंजे न्हाई."

परत फिरले तर गोठ्यात चार जनावरं, चारींच्याही कानात लसीच्या नोंदीचे पिवळे बिल्ले. विचारलं, "ह्यांना लस दिलीय वाटतं?"

"व्हय तर. लाळ-खुरकताची. गुरांच्या डॉक्टरला म्या सोता गाडीवर बसवून आणला."

"मग गुरांना चालते आणि लेकीला का नाही?"

मलाच काही कळत नसल्यासारखं त्यानं बघितलं. अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, बिल्ला नसला तर बाजारात गिऱ्हाईक जनावराला हात लावत न्हाई. पोरीला कुठं बाजारात न्यायचंय?"