वेदीपुढचं दगडी टेबल

हॅलो?… हो आई, चर्चमध्येच आहे. मोजलं. जुन्या वेदीवर मेणबत्त्यांचे सहा दांडे, वेदीच्या पायऱ्या तीन, आणि खालची पायरी ते लोकांकडे तोंड केलेलं ते दगडी टेबल, मधे बावन्न सेंटिमीटर… बावन्नच. दोनदा मोजलं.

तेवढ्यात वेदीकडे तोंड करून फादर एमेरिक गुडघा कसा टेकणार?… तेच ना. ते म्हणतात, टेबल हललं नाही तर आजोबांच्या अंत्यविधीची मिस्सा तुमच्या गोठ्यातच करू… हो, सांगितलं त्यांना. आजोबांनी अर्धा जन्म गोठ्यात मिस्सा ऐकली, निदान शवपेटी तरी चर्चमधून निघू दे. त्यांची शेवटची इच्छा आहे ती.

अगं ऐक ना… नाही, आताच्या बिशपांनी परवानगी दिलीय. अडवतोय तुझा चुलतभाऊ. हो, गास्पारमामा. चर्च समितीचा अध्यक्ष झालाय ना. म्हणतो, टेबल जमिनीत बसवलंय, हलायचं नाही. वर म्हणतो, "एवढी ओढ होती तर म्हातारा गेला कशाला इथून?"

गप्प बसेन? म्हटलं, ते कुठे गेले? तुम्ही लॅटिनमधली जुनी मिस्सा बंद केलीत. खाली खोऱ्यात त्या म्हाताऱ्या बिशपांनी जुन्या रीतीचे फादर घडवायला संघ काढला, आजोबांनी त्यांना गोठा दिला, एवढंच. पुढे त्या बिशपांनी रोमला न जुमानता चौघांना बिशप केलं, आणि गावानं आजोबांशी बोलणं टाकलं. जसं काही यांनीच केलं. रोमनं त्या चौघांवरचा बहिष्कार कधीच उठवला, मामा. तुम्ही आजोबांवरचा कधी उठवलात?…

नाही, ओरडले नाही… बरं, थोडी.

मग आडवी झाले फरशीवर… काळ्या स्कर्टमध्येच, झटकेन नंतर. टेबलाच्या पायांभोवती सुरीचं पातं घातलं. चारी बाजूंनी आत गेलं. सिमेंट नाही, चुना नाही. नुसतं ठेवलंय गं. इतकी वर्षं नुसतं ठेवलंय.

तो?… टेबलाच्या कडेवर हात ठेवला त्यानं. मग म्हणाला, "माहीत आहे मला. आत आणताना हे टोक मी धरलं होतं."

आणि ते टोक कुणी, विचारलं मी… आजोबांनी. हो, आपल्याच… तुलाही माहीत नव्हतं? नव्या फादरांनी सांगितलं म्हणून उचललं म्हणे. आठवड्यानं पहिली नवी मिस्सा झाली, तेव्हा उठून बाहेर गेले ते…

आई? रडू नकोस गं. चीज कापतेयस ना, बोट सांभाळ…

थांब, मामा आला. पहार घेऊन आलाय. आणि शवपेटी उचलणारे चौघंही… नाही, मी नाही बोलावलं… ठेवू नकोस, फोन बाकावर ठेवते…

हॅलो?… आहेस? टेप धरायला मामाच बसलाय खाली. खालची पायरी ते टेबल… एक मीटर एकतीस.