‘न्हाय’ हे बी उत्तरच हाय की

काकू, सरांची पाहुणेमंडळी, राजारामपुरीतले शेजारी, आणि क्लासच्या जुन्या-नव्या पोरापोरींनो,

थांबा. आधी एक घोट पाणी पिते.

मागच्या रांगेत कोण हसलं ते ऐकलं मी. हसा. सरांना चालायचं.

मी सुनीता, वारणानगरची. सहा वर्षांपूर्वी एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी चौगुले सरांच्या क्लासला आले. त्या परीक्षेत एक चमत्कारिक प्रश्न असतो. वर प्रश्न, खाली दोन विधानं. उत्तर काढायचंच नाही. दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच सांगायचं.

सर पहिलं विधान वाचताना दुसऱ्यावर तळहात ठेवायला लावायचे. मग दुसरं वाचायच्या आधी पाणी. “घोटभर पी, पहिलं इसर, मगच फुडं जा!” एकेकटं विधान अपुरं पडलं, तरच दोन्ही एकत्र बघायची. बाटली विसरलेल्यांना काकू आतून तांब्या आणून द्यायच्या. काकू, किती तांबे भरलेत हो तुम्ही!

मला मात्र सोडवल्याशिवाय चैन पडायचं नाही. पानभर आकडेमोड करून मी उत्तर दाखवायची. सर कपाळावर हात मारायचे. “तुला कुणी इचारलंय किती आलं म्हणून? उत्तर निघंल का न्हाय, एवढंच सांग की!”

एकदा प्रश्न होता, शिल्पा आशापेक्षा उंच आहे का? पहिलं विधान, शिल्पा मीनापेक्षा बुटकी. दुसरं, मीना आशापेक्षा बुटकी. मी म्हटलं, सर, शिल्पा उंच नाही, म्हणजे माहिती अपुरी. सर खडू ठेवून माझ्या बाकापाशी आले.

“शिल्पा उंच न्हाय, हे पक्कं कळलं न्हवं?”

“हो सर.”

“मग पुरेसं हाय की! अगं, ‘न्हाय’ हे बी उत्तरच हाय की. ठाम असलं म्हंजे झालं.”

गेल्या महिन्यात दवाखान्यात मी आणि काकू सरांजवळ होतो. सरांनी डॉक्टरांना विचारलं, मी परत वर्गात उभा राहीन का? डॉक्टर रिपोर्टमधले आकडे समजावायला लागले. सरांनी त्या कागदावर तळहात ठेवला. “डॉक्टर, आकडेमोड नको. हो का न्हाय?”

डॉक्टर हळूच म्हणाले, “नाही.”

काकूंना रडू आवरेना. सर त्यांना म्हणाले, “रडतीस कशाला? न्हाय हे बी उत्तरच हाय की.”

मग माझ्याकडे वळले. “सुनीता, पोरांची परीक्षा तोंडावर आलीया. बॅच तू घे.”

मी सुरू झाले. शाहूपुरीतली नोकरी आहे सर, वेळ जमेल का? घरी विचारावं लागेल. पोरं माझं ऐकतील का? सर हसले. “बघ, लागली सोडवायला! तुला शिकवता येतंय. पोरं वाट बघत्यात. एवढ्यात भागतंय. हो का न्हाय?”

मी म्हटलं, विचार करून सांगते.

मंडळी, दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तेव्हा सर शुद्धीवर नव्हते. गेल्या आठवड्यात ते गेलेच. ‘नाही’ हेसुद्धा उत्तर असतं, पण मी माझ्या सरांना तेवढंही दिलं नाही. ते मला फार लागलंय. आठ दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

काकू, क्लासची किल्ली आज मी घेऊन जाणार आहे. सकाळी नोकरीच्या आधी बॅच. पोरांनो, उद्या सात वाजता या, बाटल्या भरून आणा.

सर, हो.

चला, सगळे दोन मिनिटं उभे राहूया. आणि बॅचवाल्यांनो, या दोन मिनिटांत कुणी पाणी प्यायचं नाही. आज ‘पहिलं इसर’ नाही.