तारेच्या टोकावरचं बोट

विद्यापीठाचं नामांतर होऊन महिना झाला होता. गुलमंडीतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पाचोडहून आलेली एक म्हातारी तार लोंबणारी डबी घेऊन समोर बसली होती.

"मावशी, ही डबी कुणाची?"

"माझ्या बिरूची. वाळूजला कंपनीत व्हता. सायबानं दिली त्याला. कॉम्प्युटरला जोडली की इजेची रेघ दिसती म्हनायचा."

"बरोबर. सर्किट तपासतात यानं. विकायची का?"

"नाय वो. त्यात बिरूची रेघ हाय, तेवढी दाखवा."

"बिरूची?"

"एकदा मला खोलीवर नेलं व्हतं. ह्या तारेच्या टोकाला बोट लावलं त्यानं, आन् सरळ रेघ नाचाया लागली. म्हनला, आये, बघ, हा मी."

"आता कुठं असतो तो?"

"नामांतराच्या बंदाच्या दिशी एष्टी निघंना, म्हनून फटफटीवर गावाकडं निघाला. आडूळच्या अलीकडं टरकनं उडवला."

"मावशी, ह्यात काही साठून राहत नाही हो."

"जोडून तर बघा, भाऊ. फ्लापीबी आनलीय."

"बरं. ही बघा सरळ रेघ. आता मी बोट लावतो."

"आगं बया! हीच की! बिरू!"

"नाही मावशी. ही आसपासच्या विजेची थरथर. कुणीही बोट लावलं तरी अशीच येते."

"कुनीबी?"

"कुणीही. तुम्ही लावून बघा."

"नगं. तुमचंच बोट ऱ्हाऊ द्या, भाऊ. इतक्यात उचलू नगा."