घाटाच्या रस्त्यावरची पांढरी गाडी

अरे, नर्मदेकाठच्या त्या अर्धवट रिसॉर्टची परवानगी वाढवू नका म्हणून आम्ही कॉलनीवाल्यांनी अर्ज दिला होता ना. नदी घाण होईल, रस्ता जाम होईल, सगळं लिहिलं होतं. साहेब पाहणीला आले, तर रस्ता खरंच जाम. काहून, तर आम्ही सगळेच आपापली गाडी घेऊन गेलेलो.

साहेबांनी विचारलं, "रिसॉर्ट तो बंद पड़ा है. फिर ये बीच में सफेद गाड़ी किसकी है?"

जबलपुरात साहेबांना मराठी कुठून समजणार? मी बायकोला बिनधास्त म्हटलं, "आपली आहे म्हणून सांगू नको. पर्यटकांची म्हण."

साहेब वहीतून मान वर न करता म्हणाले, "म्हणा काकू, मी लिहूनच राहिलो."